कामाचं गाव, सुट्टीचं गाव

पावसाळा सुरू झाला, की मला दरवर्षी दोन-चार फोन हमखास येतात. "तुम्ही मूळचे लोणावळ्याचे ना? येत्या रविवारी आम्ही निघतोय. तिथं पाहण्यासारखं काय काय आहे?" मी पाठ झालेली नावं सांगतो. भुशी धरण, राजमाची पॉइंट, टायगर पॉइंट, नागफणी, वळवणचा तलाव, कार्ल्याची लेणी. येताना चिक्की घ्या, हेही सांगतो. समोरचा माणूस खूश होतो. फोन ठेवल्यावर मात्र मला दर वेळी वाटतं, की सांगायचं ते राहूनच गेलं. आज ते सांगावं म्हणतो.

माझे वडील बोरघाटात रेल्वेचे गँगमन होते. घरात आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. वर्षभर त्यांचं काम म्हणजे रूळ सांभाळणं, खडी ठोकणं. पावसाळ्यात मात्र रात्रीची गस्त असे. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात तीन रंगांची बत्ती, कमरेला शिट्टी आणि पिशवीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढं दरड पडलेली दिसली, की ते रुळावर लावायचे. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. अब्बा आणि त्यांचे जोडीदार, कुरवंड्याकडचे एक काका, असे दोघं रात्रभर रुळांवरून चालत. समोरून दुसरी जोडी आली की गस्तीच्या वहीची अदलाबदल करायची आणि पुन्हा मागं फिरायचं. सकाळी घरी आले की त्यांच्या पायांची बोटं पांढरी पडलेली असत. आई कोमट पाणी द्यायची. ते पाय पाण्यात सोडून बसायचे आणि तसेच बसल्या बसल्या झोपायचे.

त्याच वेळी आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून रस्त्यावरची गर्दी दिसायची. मुंबई-पुण्याहून पावसात भिजायला आलेली माणसं. मी लहान होतो. मला कळायचं नाही, की जो पाऊस आमच्या घरात सगळ्यांच्या काळजीचा विषय आहे, त्यात भिजायला ही माणसं पैसे खर्चून का येतात. एकदा अब्बांना विचारलं. ते हसले आणि आपल्या दखनीत म्हणाले, "उनकू छुट्टी है, बेटा. हमकू ड्यूटी है."

लोणावळ्याचा सगळा इतिहास मला या दोन शब्दांत सापडतो. हे गाव आधी ड्यूटीचं होतं. सुट्टीचं ते नंतर झालं.

मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती ओलांडायला बोरघाट ही फार जुनी वाट. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात या घाटातून गाडीरस्ता झाला. पण खरी घाई लागली ती आगगाडी आल्यावर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत शिकतो. पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला ठाण्याला थांबायचं नव्हतं. दख्खनच्या पठारावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता, तिथून तो इंग्लंडच्या गिरण्यांकडे जाणार होता. त्यासाठी घाट चढणं भाग होतं.

१८५६ साली गाडी घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पोचली. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा बाकी राहिला. त्या काळचा प्रवास कसा असेल, याची कल्पना करून पाहा. मुंबईहून आगगाडीत बसायचं, खोपोलीला उतरायचं. मग पालखी, तट्टू किंवा बैलगाडी, ज्याची जशी ऐपत. घाट चढून खंडाळ्याला यायचं आणि पुन्हा आगगाडीत बसून पुणं गाठायचं. दोन आगगाड्यांना जोडणारे होते भोई आणि बैल. पाच वर्षं हे असंच चाललं.

घाटातला मार्ग आखण्याची जबाबदारी होती कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यावर. आकडे साधे आहेत, पण नीट ऐकण्यासारखे आहेत. सुमारे पावणेसोळा मैलांत गाडीला १,८३१ फूट वर चढायचं होतं. सर्वांत कठीण चढ सदतिसास एक, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. त्यासाठी २५ बोगदे खोदले, दऱ्यांवर आठ मोठे कमानी पूल बांधले. एका ठिकाणी डोंगराची सोंड अशी आडवी आली, की गाडीला वळायलाही जागा नाही. तिथं रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका दिशेनं चढत यायची, सोंडेवर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढू लागायची. जिन्याचा मधला टप्पा असतो ना, तसं. पुढं १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवी आखणी झाली आणि ते स्टेशन वापरातून गेलं.

बर्कलीसाहेबांनी डोंगर कागदावर फोडला. प्रत्यक्षात तो फोडला हातांनी. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. डोंगर पोखरणारी यंत्रं तेव्हा इथं नव्हती. पहार आणि हातोडा यांनी कातळात भोक पाडायचं, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. काही ठिकाणी बोगद्याचं तोंड अशा सरळ कड्यावर होतं, की उभं राहायलाही पायाखाली जमीन नव्हती. तिथं माणसं वरून दोरांनी खाली सोडली जात. लोंबकळत त्यांनी कातळ फोडला.

ही माणसं कोण होती? देशावरची होती, कोकणातली होती. दगड फोडणारे वडार होते, महार-मांग होते, दुष्काळी गावांतून पोटासाठी आलेले शेतकरी होते. बायका आणि पोरंही कामावर होती. पुरुषांनी फोडायचं आणि बायकांनी पाट्या वाहायच्या. १८६१ च्या सुमारास या एका घाटात कामावर असलेल्या माणसांची संख्या ४२,००० वर गेली होती. त्या काळी ४२,००० माणसं म्हणजे एक चांगलं मोठं शहर झालं. फक्त या शहराला घरं नव्हती. डोंगरउतारावर गवताच्या झोपड्या, पिण्याला ओढ्याचं पाणी. पावसाळ्यात काम जवळजवळ थांबायचं, लोक गावी जायचे, पाऊस सरला की परत यायचे. आणि पटकीची साथ यायची. सुरुंगानं मेली, दरडीखाली मेली, त्याहून जास्त माणसं रोगराईनं मेली. मेलेल्यांचा नेमका हिशेब कुणी ठेवला नाही. अभ्यासक सांगतात की तो आकडा हजारोंच्या घरात जाईल.

ही माणसं मुकी होती, असं मात्र समजू नका. घाटाचं पहिलं कंत्राट विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होतं. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली, म्हणून घाटातल्या मजुरांनी उठाव केला. सत्तावन्नचं बंड नुकतंच शमलेलं. हजारो मजूर हातात हत्यारं घेऊन उभे राहिल्यावर साहेब लोक किती घाबरले असतील, हे वेगळं सांगायला नको. चौकशी झाली. त्याच वर्षी फॅविएलनं कंत्राट सोडलं. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, अशा बांधकामांवरचे मालक-मजूर यांच्यातले मजुरीचे तंटे सोडवण्यासाठी कायदाही आला. आपल्याकडच्या कामगार चळवळीचा इतिहास गिरणगावापासून सुरू करायची सवय आहे. त्याचं एक पान बोरघाटात लिहिलं गेलं, हे मला फार उशिरा, चाळिशीनंतर समजलं. अब्बा तेव्हा नव्हते. असते तर त्यांना सांगितलं असतं.

दुसरं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेलं. ते १८५९ मध्ये इथं आले आणि थोड्याच आठवड्यांत आजारानं वारले. मग त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट आपल्याकडे ठेवलं. दोन जाणकार अभियंत्यांना व्यवस्थापक नेमलं आणि काम तडीस नेलं. परक्या देशात नवरा गमावलेली बाई एवढं मोठं काम पुरं करते, ही गोष्ट विलक्षण आहे. रोगानं साहेब पाहिला नाही, मजूर पाहिला नाही. फरक इतकाच, की साहेबाच्या मरणाची नोंद झाली.

खुद्द बर्कलीही काम पुरं झालेलं पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्यामुळं ते मायदेशी परतले आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्घाटन झालं. मुंबई ते पुणे आगगाडी सलग धावू लागली. पालख्या वळचणीला गेल्या.

आता एक दुसरं ठिकाण पाहू. लोणावळ्याहून पुण्याच्या दिशेनं दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याची लेणी आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील, कारण दाराशीच एकवीरा आई आहे आणि आगरी-कोळी बांधवांची तिथं रीघ असते. आतलं चैत्यगृह भारतातल्या खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं. तेही कातळच फोडून केलेलं, त्यालाही सुमारे दोन हजार वर्षं झाली. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. कॉलेजात आमचे इतिहासाचे सर आम्हाला तिथं घेऊन गेले होते आणि एकेक लेख वाचून दाखवला होता. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं नाव तिथं आहे, ते असणारच, पैसेवाला माणूस. पण धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचंही आहे. दूरदेशीच्या यवनांची नावं आहेत. आणि सामी नावाच्या एका सुताराचं नाव आहे. नुसतं त्याचंच नाही, त्याच्या बापाचंही, वेणुवासाचं. दार त्यानं घडवलं, म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी अब्बांना ही गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव दगडावर आहे, त्याच्या बापाचंसुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, "और बोगदेवालों का?"

मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनंतरही माझ्याकडं उत्तर नाही. दोन डोंगर एकमेकांपासून इतके जवळ. दोन्हीकडे कातळ तोच, छिन्नी-हातोडा तोच. एका डोंगरानं सुताराच्या बापाचंही नाव जपलं. दुसऱ्यानं बेचाळीस हजारांपैकी एकाचंही नाही. घाटातल्या पुलांना, पॉइंटांना, टेकड्यांना साहेबांची नावं मिळाली. नागफणीचं टोक त्यांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकासारखं दिसलं, म्हणून ते ड्यूक्स नोज झालं.

एक अपवाद आहे, पण तो इतिहासात नाही, दंतकथेत आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले, एसटीवाले तिथं हात जोडतात, नाणं टाकतात. सांगतात की शिंग्रोबा हा या डोंगरात गुरं-मेंढरं राखणारा धनगर. साहेबांना घाटाची वाट सापडेना, ती यानं दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. हा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. त्यावर त्याला गोळी घातली. याला कागदोपत्री पुरावा नाही. पण लोकांनी ही गोष्ट का जपली असेल, याचा विचार करा. वाट साहेबानं शोधली नाही, इथल्याच माणसानं दाखवली आणि त्याला मोबदला मिळाला तो असा, हे लोकांना कुठंतरी नोंदवून ठेवायचं होतं. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी देऊळ बांधलं.

घाट झाला आणि लोणावळा जन्माला आलं, असं म्हटलं तर ते फार चूक होणार नाही. गाव आधी होतंच. पण चढ संपतो तिथं इंजिनाला दम खायला जागा लागते. कोळसा लागतो, पाणी लागतं, दुरुस्तीचा कारखाना लागतो, ड्रायव्हर-फायरमनना घरं लागतात. म्हणून लोणावळ्यात इंजिनांची शेड आली, कर्मचाऱ्यांच्या चाळी आल्या, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचे बंगले, त्यांच्यासाठी चर्च आणि शाळा आली. १८७७ साली नगरपालिकाही झाली. लोणावळ्याच्या हवेत तेव्हा धुकं होतं, तसा कोळशाचा धूरही होता.

आणि भुशी धरण! आज ज्याच्या पायऱ्यांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, ते धरण कुणी सहलीसाठी बांधलेलं नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं, म्हणून रेल्वे कंपनीनं १८६० च्या दशकाच्या अखेरीस ते बांधलं. पाणी इंद्रायणीचं. हीच इंद्रायणी पुढं देहूला जाते, आळंदीला जाते. उगमाजवळ इंजिनांची तहान भागवायची आणि पुढं वारकऱ्यांची. आपल्याकडच्या नद्यांना असा दुजाभाव नसतो.

गावातल्या चिक्कीची गोष्टही कामगारांपाशीच जाते, असं दुकानदार सांगतात. रेल्वेच्या कामावरच्या माणसांना खिशात ठेवून खाता येईल, अंगात ताकद राहील, म्हणून गूळ-शेंगदाण्याची गूडदाणी विकली जायची. तीच पुढं चिक्की झाली आणि रंगीत खोक्यांत बसली. वळवणचा तलाव पाहा. १९११ साली टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला लोणावळ्यात बसली. इथलं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून वीज करायची, असा तो बेत. १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे तलावही कामाचाच.

मग सुट्टी कुठून आली? तीही गाडीतूनच आली. घाट चढायचे कष्ट संपल्यावर मुंबईच्या शेट-सावकारांना, पारशी कुटुंबांना उन्हाळ्यात वर येणं सोपं झालं. त्यांनी बंगले बांधले. हवापालट करायला आजारी माणसं येऊ लागली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथं कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. १९२९ मध्ये घाटात विजेची इंजिनं आली, धूर गेला. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावली. १९४५ मध्ये नौदलाच्या अभियंत्यांचं प्रशिक्षण केंद्र, आताचं आयएनएस शिवाजी, इथं आलं. शेडचं महत्त्व कमी होत गेलं, हॉटेलांचं वाढत गेलं. १९९८ साली एका हिंदी सिनेमातल्या गाण्यानं खंडाळ्याचं नाव देशभर नेलं. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि मुंबई दोन तासांवर आली. गाव सुट्टीचं झालं ते असं, हळूहळू.

मला याचं वाईट वाटतं का? नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आज हॉटेलांत, टॅक्सीवर, भाजलेल्या कणसांच्या गाड्यांवर पोट भरतात. पर्यटक आले नाहीत तर त्यांच्या चुली थंड पडतील. कोरोनाच्या काळात ते आम्ही पाहिलं. त्याच काळात, ५ एप्रिल २०२० रोजी, द्रुतगती मार्गावरचा जुना अमृतांजन पूल पाडला. वाहतुकीला तो अडचणीचा होता, हे खरं. पण १९० वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा पूल रस्ता रिकामा असताना गेला आणि त्याला निरोप द्यायलाही कुणी नव्हतं.

वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. आपण विसरलो आहोत, की हा डोंगर अजून कामावर आहे. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब उभं होतं. वर पाऊस वाढला, पाणी एकदम आलं. एकमेकांना धरून ते प्रवाहाच्या मध्ये उभे राहिले आणि बघता बघता पाचजण वाहून गेले. त्यात लहान मुलंही होती. ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. मी पुरतं पाहू शकलो नाही. लगेच बंदीचे हुकूम निघाले, ते निघायलाच हवे होते. पण मला अब्बांचं वाक्य आठवत राहिलं. गस्तीवर जाताना ते म्हणायचे, "पहाड सोता नै, बेटा." डोंगर झोपत नाही. ज्यांना या पावसाची ड्यूटी होती, त्यांना तो ठाऊक होता. वर ढग कुठं उतरले, तर किती वेळानं कुठल्या ओढ्याला पाणी येईल, हे ते काका आणि अब्बा आवाजावरून सांगायचे. सुट्टीवर आलेल्याला हे कोण सांगणार? ते सांगणारी पाटीच आपण लावली नाही.

डोंगर झोपत नाही, याची प्रचिती रेल्वेला दर पावसाळ्यात येते. १८६७ साली घाटातला एक मोठा कमानी पूलच कोसळला होता, तो पुन्हा बांधावा लागला. २०१९ च्या पावसात मंकी हिल आणि नागनाथ यांच्या दरम्यान मार्गाचं इतकं नुकसान झालं, की दुरुस्तीला काही महिने लागले. आजही पावसाळ्याआधी रेल्वेची माणसं दोर बांधून कड्यांवर उतरतात आणि सैल झालेले धोंडे शोधून खाली पाडतात. १८५० च्या दशकात दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांचे हे वारस. आजही मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. उतरणारी गाडी ठरावीक ठिकाणी थांबवून, ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री करूनच पुढं सोडतात. ताबा सुटलाच तर गाडी चढावर घेऊन थांबवणारे वेगळे रूळ असतात. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. आपण डब्यात बसून कर्जतचा वडा खात असतो, तेव्हा आपल्या पुढं-मागं एवढी माणसं जागी असतात.

शेवटी एक घरची आठवण सांगतो. दर वर्षी पावसाळ्यातल्या पहिल्या गस्तीच्या रात्री अब्बा आणि काका एका जुन्या बोगद्याच्या तोंडाशी थांबायचे. काका खिशातला नारळ काढून दगडावर फोडायचे. अब्बा बत्ती खाली ठेवून, हात उचलून फातेहा म्हणायचे. फातेहा आपण आपल्या मृतांसाठी म्हणतो. एकदा मी हट्ट करून त्यांच्याबरोबर बोगद्यापर्यंत गेलो होतो. विचारलं, "अब्बा, इथं आपलं कोण गेलंय?" ते म्हणाले, "मालूम नै. मालूम नै, इसलिए तो पढना." ठाऊक नाही, म्हणूनच म्हणायचं. काकांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दोघं बत्ती घेऊन अंधारात चालू लागले.

आयुष्यभर मी मराठीत कविता लिहिल्या. लोक विचारतात, पहिली कविता कुठं सुचली. मी काहीतरी उत्तर देतो. खरं तर ती तिथं, त्या बोगद्याच्या तोंडाशी सुचली. ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी काही म्हणायचं असतं, हे मला तिथं कळलं.

माझी मागणी फार मोठी नाही. खंडाळ्याच्या किंवा लोणावळ्याच्या स्टेशनवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा, या घाटातल्याच कातळाचा एक दगड असावा. मी तरी असा दगड आजवर पाहिलेला नाही. त्यावर नावं घालता येणार नाहीत, कारण ती आपण जपली नाहीत. पण एवढं घालता येईल: हा घाट १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला, एका वेळी ४२,००० बाया-माणसं इथं राबत होती आणि त्यांतली हजारो परत गेली नाहीत. शेजारीच, धबधब्याचं पाणी कसं वाढतं आणि कधी मागं फिरायचं, याची एक पाटी असावी. पहिला दगड गेलेल्यांसाठी, पाटी येणाऱ्यांसाठी.

तोवर तुम्ही एक करा. लोणावळ्याला जरूर या. पाऊस बघा, चिक्की घ्या, कार्ल्याला जाऊन त्या सुताराचं नाव शोधा. आणि येताना जमलं तर आगगाडीनं या. कर्जत सुटलं की बोगदे सुरू होतात. मुलं अंधार झाला की ओरडतात, ओरडू द्या. एखाद्या बोगद्यात त्यांना सांगा, की हा अंधार कुणीतरी हातानं खोदलेला आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)